आधी पैसे, मग राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा 2003 सालचा खेळ पुण्यात नव्याने घडणार होता. सप्टेंबर 2020 मध्ये युबिसॉफ्टने तशी घोषणा केली, काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे असं सांगितलं, आणि आमच्यासारख्यांची छाती फुगली. मग ट्रेलर आला. चेहरे निर्जीव, उजेड सपाट, हे काय करून ठेवलंत, असा जगभरातून ओरडा झाला. जानेवारी 2021 ची तारीख मार्चवर गेली, मार्चची बेमुदत लांबली. मे 2022 मध्ये काम इथून काढून माँट्रियलच्या स्टुडिओला दिलं. मूळ खेळ तिथेच बनला होता. जानेवारी 2026 मध्ये कंपनीने प्रकल्पच गुंडाळला.

मामांना आणि मला वाद घालायला एवढं पुरतं. मामांची भोसरी एमआयडीसीत टूलरूम आहे. प्लास्टिक मोल्ड आणि प्रेस टूल करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्यांचा राजपुत्र 1989 चा, चिंचवडच्या एका कॉम्प्युटर क्लासातल्या 386 वर भेटलेला. माझा 2003 चा, निगडीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेला. सध्या निमित्त आहे ते लोकांच्या वर्गणीतून होऊ घातलेल्या एका जुन्या साहसी खेळाच्या रिमेकचं. मी पैसे भरायचं म्हणते. मामा म्हणतात, थांब.

“कंपनीच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते पुण्याने पाहिलं,” मी म्हणाले. “वरून हुकूम आला, काम गेलं. ज्यांना तो खेळ हवा होता त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. चाहत्यांनीच पैसे घातले असते तर निदान त्यांच्या शब्दाला वजन असतं.”

“ओरडा कोणी केला होता? चाहत्यांनीच ना?” मामा म्हणाले. “त्या पोरांना काय सांगितलं होतं बघ. 2003 चा खेळ परत करा. आता कुठला 2003 चा? डिस्कवरचा की लोकांच्या डोक्यातला? डिस्कवरचा आज लावून बघ. चेहरे ठोकळ्यासारखे आहेत. पण तुझ्या डोक्यात तो सिनेमासारखा दिसतो. डिस्कशी जुळवलं तर तू म्हणणार जुनाट आहे. डोक्यातल्याशी जुळवायला जावं तर ते डोकं आणायचं कुठून? आणि वर्गणी काढलीस की एक डोकं नाही, हजारो डोकी. प्रत्येकाचा राजपुत्र वेगळा.”

मला हे नाकारता येईना, म्हणून मी दुसरीकडून गेले. “मग कोणी काही नव्याने करायचंच नाही का? तुमचा 1989 चा प्रिन्स मी शेजारच्या मुलाला लावून दिला होता. तो दहा मिनिटांत उठला. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं, आणि मेलं की अख्खी पातळी पहिल्यापासून. त्याला वाटलं खेळ बिघडलाय.”

“आम्हाला कुठे जमत होतं? आम्ही ‘मेगाहिट’ टाकून पातळ्या ओलांडायचो.” मामांना ती जुनी चावी अजून आठवते. चोरीची प्रत पकडायला पहिल्या पातळीनंतर बाटल्यांची खोली यायची, आणि पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची असायची. क्लासातल्या फ्लॉपीसोबत पुस्तिका कुठली? पोरं अंदाजाने बाटल्या पीत आणि मरत. “पण त्याची चाल बघितली होतीस का? तो पळता पळता थांबतो तेव्हा त्याचं वजन दिसतं.”

ती चाल दिसते त्याला कारण आहे. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट हाताने उतरवून घेतली. अॅपल टू या यंत्राची मेमरी एवढ्यातच भरत आली. शत्रूंसाठी वेगळी चित्रं घालायला जागा उरली नाही. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून गणिताने त्यांच्याच मूळ चित्रांशी मिसळली, आणि त्यातून आरशातून बाहेर पडणारा, चमचमणारा छायापुरुष जन्मला. खेळातला सगळ्यात आठवणीत राहिलेला प्रसंग असा जागेच्या टंचाईतून आला.

“हेच मी म्हणतो,” मामा म्हणाले. “त्याच्याकडे लाखो डॉलरची वर्गणी असती तर त्याने दहा शत्रू काढले असते, आणि छायापुरुष झालाच नसता. पैशाने अडचण जाते, आणि अडचणीतून सुचणारं जातं.”

“अडचण सगळ्यांना असते मामा, वर्गणीवाल्यांनासुद्धा,” मी म्हणाले, आणि त्यांना टिम शेफरची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 2012. चित्रावर क्लिक करत कोडी सोडवायचे साहसी खेळ कोणी प्रकाशक घेत नव्हता, म्हणून शेफरच्या डबल फाइन या स्टुडिओने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 4 लाख डॉलर मागितले. 87 हजार लोकांनी 33 लाखांहून जास्त दिले. त्या एका महिन्याने जुन्या खेळांचा अख्खा बाजार जागा केला. ‘ब्रोकन स्वोर्ड’चे, ‘मिस्ट’चे कर्ते, सिएरा कंपनीचे जुने लोक, सगळे आपापली झोळी घेऊन लोकांसमोर आले.

“आणि 33 लाख पुरले?”

“नाही. खेळ एवढा वाढला की दोन तुकड्यांत आणावा लागला. पहिला जानेवारी 2014 मध्ये, दुसरा एप्रिल 2015 मध्ये.”

मामा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मीच पुढचं उदाहरण काढलं, कारण लपवून वाद जिंकण्यात अर्थ नव्हता. ‘सिस्टम शॉक’ हा 1994 चा खेळ. त्याचे हक्क वर्षानुवर्षं धूळ खात पडले होते. नाइटडाइव्ह या छोट्या कंपनीने ते मिळवले आणि 2016 मध्ये रिमेकसाठी लोकांकडे हात पसरला. 21 हजारांहून जास्त लोकांनी साडेतेरा लाख डॉलर दिले. लोकांना आवडलेला नमुना एका इंजिनवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पायाभूत सॉफ्टवेअरवर, बनवलेला होता. पैसे आल्यावर इंजिन बदललं, मनसुबे वाढले, रिमेकचा जवळजवळ नवाच खेळ व्हायला लागला. फेब्रुवारी 2018 मध्ये काम थांबवावं लागलं. मग पुन्हा मूळ खेळाच्या जवळ येऊन त्यांनी तो पुरा केला. लोकांच्या हातात आला मे 2023 मध्ये. “आणि चांगला झाला,” मी म्हणाले. “खरंच चांगला झाला.”

“सात वर्षांनी. मला कस्टमरने टूलिंगचा अॅडव्हान्स दिला आणि मी सात वर्षांनी ट्रायल घेतली तर?”

इथून मामांचा खरा मुद्दा सुरू झाला, आणि तो आमच्या पट्ट्यातच सुचू शकतो. चाकणला एखाद्या गाडी कंपनीला बंपरची जाळी हवी असते. तिचा मोल्ड बनवायला लाखो रुपये लागतात. ते कंपनी आधी देते. मोल्ड राहतो पुरवठादाराच्या शेडमध्ये, त्यावर पार्ट निघतात पुरवठादाराच्या मशीनवर, पण मोल्डवर पाटी ठोकलेली असते गाडी कंपनीच्या नावाची. “उद्या माझं शटर पडलं,” मामा म्हणाले, “तर तो ट्रक लावतो आणि आपला मोल्ड उचलून दुसऱ्याकडे नेतो. कायद्याने त्याचा आहे. तुम्ही खेळवाल्यांना टूलिंगचे पैसे देता आणि बदल्यात घेता एक पार्ट. मोल्ड त्याचा, हक्क त्याचे, पुढचा सगळा माल त्याचा. तो बुडाला तर ट्रक कुठे लावणार आहेस?”

किकस्टार्टरने 2012 मध्येच जाहीर सांगून टाकलं होतं की आम्ही दुकान नाही. हे मी मामांना सांगितलं. दिलेले पैसे म्हणजे खरेदी नव्हे, हे देणाऱ्याला माहीत असायला हवं.

“दुकान नाही. भागीदारी पण नाही, नफ्यात वाटा नाही. कर्ज नाही, व्याज नाही. मग आहे काय?”

“वर्गणी आहे. पैसा फंडासारखी.”

तळेगाव दाभाडे चाकणपासून फार लांब नाही, आणि पैसा फंडाचा काचकारखाना मामांच्या पिढीला ऐकून का होईना माहीत आहे. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना: माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी तिच्यामागे वजन टाकलं, आणि 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. “ज्याने पैसा दिला त्याला कोणी कंदिलाची काच घरपोच पाठवली नव्हती,” मी म्हणाले. “त्याला ती नकोच होती. देशात काच बनावी एवढंच हवं होतं. मलाही तो खेळ जगात असावा एवढंच हवं आहे. मला मिळालेली प्रत हा वरचा प्रसाद.”

मला वाटलं इथे ते निरुत्तर होतील. झाले नाहीत.

“मग हिशोबही तसाच हवा. त्या फंडातून उभं राहिलं ते कुणा एकाचं दुकान नव्हतं. तिथे काच करायला शिकलेली माणसं बाहेर पडली, दुसऱ्या कारखान्यांत गेली. लोकांचा पैसा लोकांकडे फिरला. तुझ्या रिमेकवाल्याकडून लोकांकडे काय फिरणार? कोड देणार आहे? चित्रं देणार आहे? जुना खेळ मोकळा करणार आहे?”

माझ्या मते हा प्रश्न या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे, आणि चाहते तो फार कमी विचारतात. चाहत्यांची भांडणं होतात ती नवा चेहरा जुन्यासारखा आहे का, आवाज तोच नट देणार का, कोडी सोपी केली का, यावर. तेही महत्त्वाचं आहे, मीही त्यावर तावातावाने बोलते. पण पैसे दिल्यावर आपल्याला काय पाहता येईल, आणि काम अर्धवट राहिलं तर त्याचं काय होईल, याकडे कोणी बघत नाही. डबल फाइनच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते खेळाच्याही आधी त्याच्यासोबत बनलेलं चित्रीकरण. खेळ कसा वाढत गेला, पैसे कसे कमी पडले, मिटिंगमध्ये कोण रडकुंडीला आलं, तारीख कशी हुकली, हे सगळं वर्षानुवर्षं चित्रित होत राहिलं, आणि पुढे ते कोणालाही बघायला खुलं केलं. ज्यांना खेळ आवडला नाही त्यांच्याही पदरात ते पडलं. खेळ कसा बनतो हे शिकायचं असेल त्याच्यासाठी ती शाळा आहे.

आता पुण्यातल्या कामाचा विचार करा. इथल्या मुलामुलींनी ‘सँड्स ऑफ टाइम’वर वर्षं घातली. वाळूच्या राक्षसांच्या हालचाली, राजवाड्याच्या भिंती, वेळ मागे फिरवणारा खंजीर, सगळं नव्याने बांधलं. त्यातलं आपण पाहिलं ते एका ट्रेलरपुरतं, आणि त्यावरून त्यांना झोडपून काढलं. कुठे अडलं, वेळ किती मिळाला, काय मागितलं आणि काय दिलं, यातलं काहीच आपल्याला दिसणार नाही. पैसा कंपनीचा होता, त्यामुळे तिचा तो अधिकार आहे. तोच पैसा लोकांचा असता तर लोकांना मागण्याचा हक्क होता. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हक्क असता असं नको म्हणूस. आधी लिहून घेतला असता तर असता.”

मग त्यांनी ‘मंथन’ काढला. मामांचा हा आवडता सिनेमा. 1976 मध्ये गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला आणि श्याम बेनेगलांनी केला. “त्या सिनेमाचं काय केलं बघ. तो कोणी नव्या नट्या घेऊन परत काढला नाही. स्मिता पाटील ती स्मिता पाटीलच राहिली. मूळ निगेटिव्ह शोधली, साफ केली, धागा न् धागा जोडला.” हे खरं आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो पुन्हा उभा केला, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली निगेटिव्ह त्यासाठी वापरली, आणि 2024 मध्ये तो कान महोत्सवात दाखवला. “जुन्याला हात लावायचा तर असा. तुमच्या रिमेकमध्ये जुनं मरतं. नवं आलं की कंपनी जुनं दुकानातून काढून घेते.”

“सिनेमाला डोळे लागतात, मामा. खेळाला यंत्र लागतं. तुमचा 386 आज कुठे आहे?”

“भंगारात गेला.”

“त्या क्लासातल्या फ्लॉपी?”

“त्याही गेल्या असतील.”

मेकनरची स्वतःची फ्लॉपीसुद्धा हरवली होती. ‘प्रिन्स’चा मूळ कोड गेला असंच तो धरून चालला होता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना घरात एक खोका सापडला, त्यात त्या डिस्क होत्या. जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या जाणकारांनी त्या वाचून दिल्या, आणि मेकनरने तो कोड सगळ्या जगासाठी खुला करून टाकला. एवढ्या गाजलेल्या खेळाचं नशीब एका खोक्यावर अवलंबून होतं. खेळ जपायचा म्हणजे तो दर काही वर्षांनी नव्या यंत्रावर चालता करावाच लागतो. ‘स्कमव्हीएम’ हे 2001 पासून चाललेलं काम तेच करतं: जुने साहसी खेळ आजच्या संगणकांवर जसेच्या तसे चालवतं, आणि ते हौशी लोक फुकट करतात. त्याच साली काही चाहत्यांनी ‘किंग्ज क्वेस्ट’ नव्या चित्रांनी सजवून फुकट वाटला.

“मग फुकट होतंय की! तुझे पैसे कशाला?”

“कारण फुकट काम करणाऱ्यांची हौस किती पुरवायची? तीही माणसं आहेत, त्यांना घर आहे. आणि जपणं वेगळं, नव्या मुलाला आत आणणं वेगळं. 2009 मध्ये ‘मंकी आयलंड’ची नवी आवृत्ती आली, तिच्यात एक बटण होतं. दाबलं की चित्र 1990 चं, परत दाबलं की नवं. कुठल्याही क्षणी. जुनं मरत नाही, मामा, मारणाऱ्याने मारलं तर मरतं.”

बटणाची गोष्ट मामांना पटली. ते दोन वेळा म्हणाले, हे चांगलं आहे. पण लगेच दुसऱ्या बाजूने आले.

“बरं, पण जुन्यावरच का? पुण्यातली ती ‘राजी’वाली मंडळी. त्यांना लोकांनी पैसे दिले का?”

नाही दिले. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 2017 मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’साठी किकस्टार्टरवर मागणी केली आणि ती अपुरी पडली. धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी हवेल्यांसारखे महाल, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू. जगाने असा खेळ पाहिला नव्हता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर पैसे लावणारे कमी असतात. संस्थापकांपैकी एकाने आपला फ्लॅट विकला. पुढे मदत मिळाली, ऑगस्ट 2020 मध्ये खेळ निन्टेन्डो स्विचवर आला, आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं.

“म्हणजे तुमच्या चाहत्यांकडे आठवणीसाठी लाखो डॉलर आहेत आणि पोरीच्या नव्या गोष्टीसाठी घर विकावं लागतं,” मामा म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. शेफरला पैसे मिळाले ते त्याच्या जुन्या खेळांवर, तो नवं काय करणार यावर नव्हे. नाव नसलेल्याला लोकवर्गणी साथ देत नाही. ‘प्रिन्स’ सुरू करताना मेकनरच्या हातात त्या नव्या खेळाचं म्हणून फक्त पळणाऱ्या भावाचं चित्रीकरण होतं. आजच्या चाहत्यांनी त्याला किती दिले असते, कोण जाणे. तरीही मी रिमेकला पैसे देणार, कारण आठवणीवर प्रेम करणं हा गुन्हा नाही. राजीच्या मंडळींनी जे खेळ लहानपणी खेळले असतील, त्यांच्याशिवाय राजी कुठून आली असती?

“दे, पण लिहून घे,” मामा म्हणाले.

म्हणून आम्ही त्या रिमेकवाल्यांना पत्र लिहायला बसलो. मी तीन प्रश्न लिहिले. आत्ता, पैसे मागताना, खेळून बघता येईल असा तुकडा तुमच्याकडे आहे का, आणि तो ज्या इंजिनवर आहे त्यावरच खेळ होणार का? मूळ खेळ याच प्रतीसोबत, आजच्या यंत्रावर चालणारा, मिळणार का? काम कसं चाललं आहे हे दर महिन्याला दाखवणार का, विशेषतः ते अडेल तेव्हा?

मामांनी कागद ओढला आणि खाली चौथा घातला: तुमचं काम बंद पडलं तर तोवर झालेला कोड आणि चित्रं पैसे देणाऱ्यांसाठी खुली करणार का, आणि हे आधी लेखी देणार का?

“याला हो म्हणाले तर माझेही दोन हजार लाव,” ते म्हणाले. “नाही म्हणाले तर तुझेसुद्धा राजीवाल्यांच्या पुढच्या खेळाला ठेव.”

मी म्हणाले, हो म्हणाले तरी पाचशे राजीवाल्यांसाठी वेगळे काढते. त्यावर त्यांनी आपल्या दोन हजारांतलेही पाचशे तिकडे वळवले, आणि मग चौथा प्रश्न पहिला घ्यायचा की शेवटी ठेवायचा यावरून आमचा पुन्हा वाद सुरू झाला. त्यांचं म्हणणं, पीओवर, म्हणजे कस्टमरच्या खरेदी ऑर्डरवर, मालकीची अट सगळ्यात वर असते. पत्र त्यांच्या क्रमाने गेलं.